हात-पाय गेला म्हणजे कामगार गेला काय?

(जागतिक अपंग दिनानिमित्त दिल्ली परिसरातील मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात रेल्वे युनियनच्या सेक्रेटरींनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळावा म्हटला की वेतन आयोग, पेन्शन, रिकाम्या जागा आणि वाढलेले ड्यूटीचे तास यांवर बोलणे होतेच. ते प्रश्न संपलेले नाहीत आणि त्यावर इतर साथी बोलणार आहेत. आज ३ डिसेंबर. संयुक्त राष्ट्रांनी १९९२ साली हा दिवस जागतिक अपंग दिन म्हणून ठरवला. तेव्हा आज आम्ही आपल्यासमोर एका खेळाच्या स्पर्धेविषयी बोलणार आहोत. युनियनच्या सभेत खेळ कशाला, असे काहींच्या मनात येईल. थोडा धीर धरा. हा खेळ आपल्या यार्डापासून आणि सॉर्टिंगच्या टेबलापासून लांब नाही.

२०२५ साली २७ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर या काळात इथेच दिल्लीत जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर अपंग खेळाडूंची जागतिक मैदानी स्पर्धा झाली. ही बारावी स्पर्धा. भारतात ती प्रथमच भरली. शंभराहून अधिक देशांचे खेळाडू आले होते आणि पदकांच्या एकंदर १८६ स्पर्धा होत्या. १९८२ च्या एशियाडसाठी बांधलेल्या या मैदानावर या वेळी नवा निळा ट्रॅक घातला होता. स्पर्धा संपली त्या दिवशी भारताच्या नावावर २२ पदके होती, त्यांत ६ सुवर्ण. २०२४ च्या जपानमधील कोबे येथील स्पर्धेत आपली १७ पदके होती. ब्राझील पहिला आला, चीन दुसरा.

पदकांचे आकडे वर्तमानपत्रांत येऊन गेले. आम्हाला बोलायचे आहे ते वेगळ्याच आकड्यांवर.

दोन तक्ते

पुष्कळांनी आम्हाला विचारले, की साहेब, एका स्पर्धेत शंभर मीटरच्या शर्यती इतक्या कशा? साध्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांची एक आणि बायकांची एक. इथे मात्र रोज कुणी ना कुणी शंभर मीटर जिंकतो आहे. याचे उत्तर त्यांच्या वर्गवारीत आहे.

प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक अक्षर आणि एक आकडा असतो. धावणे आणि उडी मारणे यांना ‘टी’, फेकीच्या खेळांना ‘एफ’. पुढचा आकडा सांगतो की अडचण कोणती आहे आणि किती. ११ ते १३ हे दृष्टी नसलेले किंवा फार कमी असलेले. २० हे बौद्धिक अडचण असलेले. तीसच्या घरात मेंदूच्या आजाराने शरीराचा तोल व हालचाल बिघडलेले. ४० आणि ४१ हे ठेंगणे. ४२ ते ४७ यांत हातापायाचे व्यंग असलेले, पन्नासच्या घरात चाकाच्या खुर्चीवरून किंवा बसून खेळणारे, आणि ६१ ते ६४ हे कृत्रिम पाय लावून खेळणारे. डॉक्टर आणि खेळाचे जाणकार मिळून खेळाडूला तपासतात, प्रत्यक्ष खेळताना पाहतात आणि मग वर्ग ठरवतात. यात ढिलाई चालत नाही. टोकियोच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या एका थाळीफेकपटूचे कांस्यपदक वर्ग जुळत नाही म्हणून काढून घेतले गेले होते.

आता साथींनो, अक्षर आणि आकडा म्हटल्यावर रेल्वेवाल्यांना काय आठवले ते आम्ही ओळखतो. ए-१, ए-२, ए-३, बी-१, बी-२, सी-१, सी-२. आपलाही एक तक्ता आहे. ‘ए’ वर्गाची तपासणी प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी, ‘बी’ वर्गाची त्या कामगाराच्या स्वतःच्या आणि बरोबरच्यांच्या सुरक्षिततेसाठी, आणि ‘सी’ वर्गाची प्रशासनाच्या सोयीसाठी. इंजिन चालवणारा ए-१ लागतो आणि तसा तो लागलाच पाहिजे. सिग्नल नीट न दिसणाऱ्या माणसाच्या हाती हजार प्रवाशांची गाडी द्या, असे कोणतीही जबाबदार युनियन म्हणणार नाही. आम्हीही म्हणत नाही.

पण दोन्ही तक्त्यांत फरक कुठे आहे तो पाहा. मैदानावर वर्ग ठरला की त्याच क्षणी खेळ सुरू होतो. “तू या वर्गात आहेस, आता दाखव काय करतोस ते,” असे त्या माणसाला सांगितले जाते. आपल्याकडे वर्ग उतरला की खेळ संपतो. ‘डी-कॅट झाला’ असे आपण म्हणतो आणि त्या शब्दाबरोबर तो माणूस आपल्या बोलण्यातून बाद होतो. साहेब त्याला ओझे समजतात. आणि खरे सांगायचे तर बरोबरचे कामगारही कालांतराने त्याला “बसून पगार खातो” म्हणू लागतात.

तिसरा एक तक्ता आपल्याला माहीत आहे, तो नुकसानभरपाईचा. १९२३ च्या कायद्याने तो आखून दिला आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशीच अनुसूची आहे. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली. एक हात गेला तर ६० टक्के. दोन्ही हात गेले तर १०० टक्के. भरपाई मोजायला असा हिशेब लागतो आणि कामगाराने तो पैसा दमडी न सोडता घ्यावा. पण तो तक्ता फक्त गेलेले मोजतो. उरलेले किती आणि त्यातून काय होईल, हे मोजायचे काम त्याचे नाही. ते काम कुणाचे, हा आजचा आपला प्रश्न आहे.

ही माणसे कोण?

या खेळाडूंना पाहून लोक हळहळतात किंवा एकदम देवपण देतात. दोन्ही नको. ती कुठून आली आणि त्यांचे हातपाय कसे गेले, ते आधी नीट पाहा.

निषाद कुमार. दिल्लीत उंच उडीत २.१४ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतले. हिमाचलमधल्या शेतकरी घरातला मुलगा. लहानपणी वैरण कापायच्या यंत्रात उजवा हात गेला. आपल्याकडे ज्याला कडबाकुट्टी म्हणतात तेच ते यंत्र. रिंकू हुडा, इथून जवळच्या रोहतकचे. भालाफेकीत सुवर्णपदक. त्यांचाही हात लहानपणी शेतीच्या यंत्रातच गेला. त्याच स्पर्धेत रौप्यपदक घेणारे सुंदरसिंग गुर्जर यांच्या हातावर लोखंडी पत्रा पडला होता. अजितसिंग यादव यांनी २०१७ साली रेल्वेखाली सापडणाऱ्या मित्राला वाचवताना हात गमावला आणि २०२४ साली पॅरिसला भालाफेकीत रौप्यपदक मिळवले. सोनिपतचे सुमित अंतिल २०१५ साली मोटारसायकलच्या अपघातात सापडले आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ठिकाणी ते सुवर्णपदकाचे मानकरी ठरले आणि दिल्लीत त्यांनी ७१.३७ मीटर भाला फेकला. देवेंद्र झाझरिया लहानपणी झाडावर चढले असता विजेच्या जिवंत तारेला हात लागला. २००४ आणि २०१६ अशी दोन पॅरालिंपिक सुवर्णपदके मिळवणारा हा भालाफेकपटू काही काळ आपल्या भारतीय रेल्वेच्या नोकरीत होता. आज तेच भारतीय पॅरालिंपिक समितीचे अध्यक्ष आहेत.

यंत्र, पत्रा, तार, रस्ता, रेल्वे. ही यादी ऐकून तुम्हाला काय वाटले? आम्हाला ती अपघात नोंदवहीसारखी वाटली. यंत्राला झाकण नव्हते, तार उघडी होती, रस्ता धड नव्हता. नशिबाला दोष देऊन इथे भागत नाही. सुरक्षा साहित्य वेळेवर द्या, लाइनवर पहारेकरी ठेवल्याशिवाय गँगला काम देऊ नका, यार्डात उजेड करा, असे आपण वर्षानुवर्षे मागतो ते याचसाठी. पदक आले म्हणून गेलेला हात परत येत नाही.

आपल्या महाराष्ट्राचेही सांगतो. याच दिल्लीच्या स्पर्धेत महाराष्ट्राच्या संदीप सरगर यांनी भालाफेकीत ६२.८२ मीटरची फेक करून सुवर्णपदक घेतले. सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्याचे सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडले आणि त्यांचा हात अधू झाला. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी गोळाफेकीत ते जगज्जेते होते आणि पॅरिसला १६.३२ मीटरवर रौप्यपदक मिळाले. नाशिकच्या आदिवासी भागातले दिलीप गावित एका हाताने ४०० मीटर धावतात. २०२३ साली हांगझौ येथे आशियाई सुवर्णपदक त्यांचे होते. नांदेड जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव बसून गोळा फेकतात. पॅरिसच्या उद्घाटनाला भारताचा तिरंगा सुमित अंतिल यांच्याबरोबर त्यांच्याही हाती होता.

आणि या सर्वांच्या आधी एक माणूस होऊन गेला हे विसरू नका. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर. लष्करात कारागीर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले आणि भालाफेकीतही अंतिम फेरी गाठली. पुण्यात टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली, म्हणजे ते आपल्यासारखेच कामगार. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१८ साली. पदक १९७२ चे, दखल २०१८ ची. शेहेचाळीस वर्षे! आपल्या थकबाकीच्या बिलांनासुद्धा इतका वेळ लागत नाही.

सवलत नव्हे, सोय

आता मैदानावरची एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण तिच्यात आपल्या कामाचा धडा आहे.

पूर्ण अंध धावपटूंच्या शंभर मीटर शर्यतीत आठ पट्ट्यांवर चारच खेळाडू असतात. कारण प्रत्येकाला दोन पट्टे मिळतात, एक त्याचा आणि एक त्याच्या जोडीदाराचा. दोघांच्या हातात एक छोटी दोरी असते. जोडीदार डोळस, तो दिशा सांगतो. पण त्याने खेळाडूला ओढायचे नाही आणि रेषा खेळाडूनेच आधी ओलांडायची. तसे झाले नाही तर दोघेही बाद. सर्वांना सारखे करण्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधतात, म्हणजे कुणाला अंधूक दिसत असेल तरी त्याचा फायदा नको. आणि शर्यत जिंकली तर जोडीदारालाही पदक.

जे बसून फेकतात त्यांच्यासाठी लोखंडी आसन असते. त्याची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. ते पट्ट्यांनी जमिनीला घट्ट आवळतात, खेळाडूला त्यावर बांधतात. मग तो गोळा, थाळी किंवा भाला फेकतो. ज्यांची बोटे वळत नाहीत त्यांच्यासाठी लाकडी दांडकं फेकण्याचा वेगळा खेळ आहे. सोनिपतचे धरमबीर यांनी त्यात पॅरिसला सुवर्ण आणि दिल्लीत रौप्य मिळवले. पण एकदा आसन आवळले की पुढे दयामाया नाही. टेप लावून सेंटिमीटर मोजतात. पाय रेषेबाहेर गेला तर फेक बाद.

याला म्हणतात सोय. सवलत वेगळी आणि सोय वेगळी. सवलत म्हणजे, “जाऊ दे, तुझ्याकडून होणार नाही, कमी केलेस तरी चालेल.” सोय म्हणजे, “तुला काम करायला जे लागते ते आम्ही देतो, आता काम पूर्ण कर.” २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यात हाच शब्द आहे, वाजवी सोय. ती दिली नाही तर तो भेदभाव, असे कायदा म्हणतो. सरकारी कागदांत आता अपंग न म्हणता दिव्यांग म्हणतात. नाव बदलायला आमची हरकत नाही. पण पाटीवर दिव्यांग लिहिले आणि पाटीखाली पाच पायऱ्या ठेवल्या, तर त्या नावाचा उपयोग काय?

कायदा काय देतो?

कायद्याची कलमे नीट ध्यानात ठेवा. १९९५ च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये प्रथम सांगितले गेले, की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. २००३ साली सुप्रीम कोर्टाने कुणाल सिंग यांच्या खटल्यात ते पक्के केले. पाय गमावलेल्या एका शिपायाला घरी पाठवले होते. कोर्टाने त्याला कायद्याचे संरक्षण दिले. २०१६ च्या कायद्यात हेच कलम २०, पोटकलम ४ मध्ये आहे. त्याचा अर्थ असा:

एक, सरकारी आस्थापनेने नोकरीत अपंग झालेल्या कर्मचाऱ्याला काढायचे नाही, त्याचा दर्जा खाली आणायचा नाही.

दोन, जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सेवालाभांसह दुसरे काम द्यायचे.

तीन, तशी जागा नसेल तर जादा जागा निर्माण करून त्यावर ठेवायचे, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत.

शिवाय प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, कलम २३. भरतीत चार टक्के जागा राखीव, कलम ३४. कार्मिक विभागाच्या ३१ मार्च २०१४ च्या परिपत्रकात अपंग कर्मचाऱ्यांना साधने, जाण्यायेण्याच्या सोयी, बदली आणि क्वार्टर यांबाबत प्राधान्य, अशा गोष्टी सांगितल्या आहेत. रेल्वे असो की टपाल खाते, दोघांनाही हे लागू आहे.

कायदा इतका चांगला असून अडते कुठे? आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. विभागाचे नाव घेत नाही. एक पॉइंट्समन, शंटिंग करताना पाय गुडघ्याखालून गेला. दवाखान्यातून सुटला त्या आठवड्यातच त्याच्यापुढे स्वेच्छानिवृत्तीचा टाइप केलेला अर्ज ठेवला गेला. “सही कर, सगळ्यांचे भले होईल.” त्याच्या बायकोने तो कागद घेतला आणि सरळ युनियनच्या ऑफिसात आली. आम्ही म्हटले, वहिनी, सही नको. सात महिने पत्रव्यवहार झाला तेव्हा दुसरी जागा मिळाली. ती कुठे? दुसऱ्या मजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये, आणि इमारतीला लिफ्ट नाही! कागदावर कायदा पाळला होता. पुन्हा पत्र, पुन्हा भेट. शेवटी तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीत बसवले. गाड्यांचे वेळापत्रक त्याला आधीच तोंडपाठ होते. तीस वर्षे यार्ड पाहिलेला माणूस, त्याच्याइतकी माहिती त्या खिडकीला पूर्वी कधी मिळाली नव्हती.

कृत्रिम पाय लावून सत्तर मीटर भाला फेकता येतो, मग चौकशीची खिडकी सांभाळता येणार नाही काय? पण प्रत्येक अपंग कामगाराने सुमित अंतिल व्हावे असे आमचे म्हणणे नाही. ही एक नवीच पिळवणूक होईल. “तो बघ, एका पायाने जग जिंकतो, तू रडतोस कशाला,” असे साहेब म्हणू लागले तर त्यांना बजावून सांगा: त्याला आधी पाय मिळाला, प्रशिक्षक मिळाला, मैदान मिळाले, त्याचा वर्ग न्यायाने ठरला. आमच्या माणसाला तुम्ही यांपैकी काय दिले?

आणखी एक बोचणारी गोष्ट. कलम २० सरकारी आस्थापनेच्या कर्मचाऱ्यासाठी आहे. आज रुळावर, डबे धुण्याच्या लाइनवर, पार्सल चढवण्या-उतरवण्यात ठेकेदाराची माणसे आहेत. त्यांचा हात गेला तर टक्क्यांचा तक्ता आहे, तोही मालकाने मान्य केला तर. दुसरी नोकरी नाही, जादा जागा नाही. पॅरिसला कांस्यपदक मिळवणारी आणि दिल्लीत ४०० मीटरमध्ये रौप्यपदक घेणारी दीप्ती जीवनजी ही तेलंगणातल्या मजुरांची मुलगी आहे. मजुराच्या घरात अपंगत्व आले की काय होते, ते अशा घरांना विचारा. ज्याचे जळते त्यालाच कळते. म्हणून कायम आणि ठेक्याचा असा भेद या प्रश्नावर तरी आपण करता कामा नये.

आपण काय करायचे?

भाषण ऐकून टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो असे होऊ नये, म्हणून चार कामे आपल्यापुढे ठेवतो.

पहिले, प्रत्येक शाखेने आपल्या हद्दीतील अपंग आणि डी-कॅट कर्मचाऱ्यांची यादी करावी. आज तो कुठे बसतो, त्याला काम आहे की नुसती खुर्ची, संडासापर्यंत त्याला जाता येते का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

दुसरे, अपघात झाल्यावर कोणत्याही कागदावर युनियनला विचारल्याशिवाय सही करू नये, हे घराघरांत सांगावे. विशेषतः घरच्या बायकांना सांगावे, कारण त्या दिवसांत कागद त्यांच्यापुढेच येतात.

तिसरे, आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि बसण्याची जागा नोटीस बोर्डावर लावून घ्यावी. अधिकारी नेमलाच नसेल तर लेखी विचारावे.

चौथे, आपल्या संस्थांच्या मैदानांवर आणि वार्षिक क्रीडा स्पर्धांत अपंग कर्मचाऱ्यांसाठी आणि कामगारांच्या अपंग मुलांसाठी स्पर्धा ठेवाव्यात. फुगे फोडायच्या आणि संगीत खुर्चीच्या नव्हेत. टेप लावून, वर्ग पाडून, नियमाने. १९४८ साली इंग्लंडमध्ये स्टोक मॅन्डेव्हिल या दवाखान्याच्या आवारात डॉक्टर गुटमान यांनी युद्धात जखमी झालेल्या सोळा माणसांना घेऊन खेळ सुरू केले. बारा वर्षांनी रोमला त्याचे पॅरालिंपिक झाले. आपल्या एखाद्या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर सहा मुले जमली तरी पुष्कळ आहे.

साथींनो, पॅरालिंपिकमध्ये १९८८ पासून २००० पर्यंत भारताला एकही पदक नव्हते. २०१२ ला एक, २०१६ ला चार, टोकियोला १९, पॅरिसला २९. देशातली माणसे तीच होती. सोयी आल्या, मैदान खुले झाले, तसे आकडे वाढले. हाच हिशेब आपल्या ऑफिसांना, यार्डांना आणि टपाल कचेऱ्यांना लागू आहे. अपघात होऊ नयेत म्हणून लढायचे, आणि झालाच तर त्या माणसाला गँगमधून गमवायचे नाही. अंध धावपटूच्या जोडीदारासारखे आपण असावे. ओढायचे नाही, सोडायचेही नाही, आणि रेषा आधी त्यालाच ओलांडू द्यायची.

एवढे बोलून आम्ही रजा घेतो. कामगार एकजुटीचा विजय असो!